भिंतीकडचा उजेड

आमचं ऑफिस म्हणजे रस्त्याच्या पातळीखालची एक खोली. दोन टेबलं, एक कपाट, आणि खिडकी नाही. इथे ताई आणि मी कानाची मशिनं दुरुस्त करतो. केसाएवढ्या तारा जोडायच्या असतात, लाल लालला, तपकिरी तपकिरीला. जुन्या ट्यूबखाली ताईचे डोळे चुरचुरायला लागले, तेव्हा ती म्हणाली, "आता नाही जमत रे. मी घरी बसते."

दाजी गेल्यापासून हे काम हाच तिचा आधार होता. ती घरी बसली तर खचणार, आणि तिच्याशिवाय मीही. म्हणून वायरमनला बोलावलं आणि पारखून घ्यायला तीन तऱ्हेचे एलईडी दिवे आणायला सांगितले.

पिवळ्या दिव्यात लाल आणि तपकिरी तारा सख्ख्या बहिणींसारख्या दिसायच्या. पांढऱ्याफटक दिव्यात दुपारपर्यंत ताईचं डोकं ठणकायचं. "मुलगी पसंत करायला एवढा वेळ लावला नव्हता मी," असं म्हणत वायरमनने शेवटी मधला लावला. ना पिवळा, ना निळसर. ताईने मान वर न करता बराच वेळ काम केलं आणि म्हणाली, "हा राहू दे." माझा जीव भांड्यात पडला.

पुढे तिने आपलं टेबल रोज थोडं थोडं फिरवलं, ते कोऱ्या भिंतीसमोर येईपर्यंत. "इकडून छान उजेड येतो," म्हणाली. दिवा तर छताच्या मधोमध होता. भिंतीचा रंग उजळ आहे, त्यामुळे वाटत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. कपाटावरचं मनीप्लांटही तिकडेच झुकलं होतं. मी कुंडी फिरवून ठेवली. काही दिवसांनी पानं पुन्हा भिंतीकडे वळली.

घरमालकाला विचारलं, त्या भिंतीमागे काय आहे?

"काय असणार? माती," तो म्हणाला.

एके सकाळी ताईने चष्मा पुसायला काढला. चेहरा रापला होता, फक्त कानापर्यंत चष्म्याच्या काड्यांच्या दोन गोऱ्या रेघा उरल्या होत्या.

"उन्हात कुठे हिंडतेस गं?"

"मी? घर आणि ऑफिस. बाकी मला कोण विचारतंय?"

मी वायरमनला उजेड मोजायला बोलावलं. त्याने मीटर ताईच्या टेबलावर, भिंतीकडे तोंड करून धरला. आकडा बघून तो मला म्हणाला, "दिवा घालवा जरा."

मी बटण दाबलं. मिट्ट काळोख झाला. मीटरच्या पडद्यावरचा आकडा मात्र तसाच राहिला.

"बिघडलाय," तो म्हणाला आणि चाचपडत जिन्याकडे गेला. त्याची शिडी इथेच राहिली. ती न्यायला तो कधी आला नाही.

बटण शोधताना माझा हात ताईच्या डोक्याला लागला. केस तापलेले होते, उन्हातून आल्यासारखे. काळोखात तिच्या चिमट्याची टिकटिक चालूच होती.

"ताई, उद्यापासून तू घरीच बस."

"आता का? आता तर कुठे नीट दिसायला लागलंय."

मी घाबरलो. खरंच घाबरलो. तिला घरी सोडून परत आलो, त्याच शिडीवर चढून टॉर्चच्या उजेडात दिवा उतरवला आणि वायरमनच्या दुकानात नेऊन दिला. दोष दिव्याचा, दुसरं काय असणार.

सकाळी सामान आवरायला गेलो. ताई आधीच येऊन कामाला लागली होती. मी दार लोटून घेतलं. एका आजोबांचं मशीन अर्धवट राहिलं होतं. म्हटलं, तेवढं संपवू आणि निघू.

लाल लालला, तपकिरी तपकिरीला. तारा कधी नव्हे इतक्या स्वच्छ दिसत होत्या. ते मशीन झालं, मग दुसरं घेतलं.

दुपारी मान अवघडली म्हणून वर पाहिलं.

छताला दिव्याच्या जागी नुसत्या दोन वायरी लोंबत होत्या.