बाल्कनीतला किल्ला

दिवाळीत इथं आखातात, अबू हलीफाच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत मी दर वर्षी किल्ला करते. बिल्डिंगचा हारिस, म्हणजे वॉचमन, "ये क्या कचरा है, दीदी?" विचारतो. मी चकल्या देते. प्रश्न मिटतो.

यंदा माती सुबियाहून आणली. तिथं वाळवंटात सात हजार वर्षांपूर्वीची वस्ती खणून काढताहेत. शहरं उभी राहण्याआधीची माणसं ती. मी कॉलेजचं तोंड पाहिलं नाही, पण त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचते. कुंपणाबाहेरची माती डिकीत टाकताना नवरा, गुरुप्रसाद, कुरकुरला, "नर्सरीत मिळते की!"

"ती कुंडीची. ही घरं बांधायची."

बुरूज केले, अळीव पेरले, मावळे मांडले. सकाळी बुरूज नव्हते. त्या जागी एकमेकींना चिकटलेल्या चौकोनी खोल्या, मध्ये बोळ, अंगणात बोटाएवढी चूल. चुलीत राख.

"आर्या, तू केलंस हे?"

"मॉम, आय वॉज स्लीपिंग." लेकीचा आवाज घोगरा होता. कपाळ तापलेलं.

मी बुरूज पुन्हा बांधले. दुसऱ्या सकाळी शहर आणखी दाट झालेलं. त्यातलं एक घर ओळखीचं वाटलं. हॉल, किचन, दोन बेडरूम. आर्याच्या खोलीच्या जमिनीत खड्डा होता.

सुबियाची ती माणसं आपली गेलेली मुलं घरातच, जमिनीखाली पुरत. मायेनंच पुरत असतील. पण माझं लेकरू जिवंत आहे.

मी खड्डा बुजवला, थापटला. सकाळी तो उघडा होता. ताप चढलेला. डॉक्टर म्हणाले, व्हायरल.

"फेकून दे ते सगळं," गुरुप्रसाद म्हणाला.

"फेकलं तर खड्डा बुजवू कशानं?"

त्या संध्याकाळी आर्याच्या पलंगाखालच्या फरशीवर मी माझी गादी घातली. मग बाल्कनीत जाऊन स्पष्ट सांगितलं, "बायांनो, तुमची रीत तुमच्या घरी. हिच्यापर्यंत यायचं तर आधी माझ्याशी गाठ आहे."

सकाळी आर्याचं अंग गार होतं. "मॉम, आय'म हंग्री." मी डोळे पुसले, उपम्याचा रवा भाजायला ठेवला आणि बाल्कनीत गेले.

आर्याच्या खोलीची जमीन सपाट होती.

खड्डा आता किचनमध्ये होता. ओट्यासमोर, मी उभी राहते तिथं.

मी वाकून पाहिलं. माझ्या मानानं आखूड होता.

"माप चुकलंय," मी ठणकावलं, आणि माती कालवायला पाणी आणायला आत गेले.

बादली घेऊन आले, तोवर त्यांनी तो लांब केला होता.