खिळ्यावरची चिठ्ठी

दुपारी तीनच्या सुमारास आक्का चिमटे आणायला बाहेर पडली. कपडे वाळत घालायचे साधे लाकडी चिमटे, दोन डझन. संध्याकाळी सहाला तिचं स्वतःचं रेस्टॉरंट उघडायचं होतं. कांदा चिरून झाला होता, टेबलं पुसून झाली होती आणि ऐन वेळी लक्षात आलं की भटारखान्यातल्या तारेला एकही चिमटा नाही.

रस्ता उन्हात पसरला होता. एकेकाळी इथे चार नाटकगृहं, तीन सिनेमागृहं आणि नाचाचा एक हॉल होता. एका खेळाची गर्दी दुसऱ्या खेळाच्या गर्दीला धक्के मारत पुढे सरकायची. आता शटरं गंजली होती. ज्यांनी गाशा गुंडाळला नव्हता तेही दारात खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसायचे.

"कुठल्या रेस्टॉरंटला हवेत? निळ्या कंदिलाला?" हार्डवेअरवाल्याने चिमटे मोजता मोजता विचारलं.

"तो कधीच बंद झाला."

"मग रेशीमला?"

"तेही झालं. नंतर तांबडा कोंबडा झाला, मग धुकं झालं."

"आणि आता?"

"संध्याकाळी जेवायला ये आणि पाटी वाच," आक्का म्हणाली आणि पिशवी उचलून निघाली.

खरं तर या सगळ्यांच्या आधी त्या जागेचं नाव होतं 'दुसरी घंटा'. नाटकाची दुसरी घंटा होईपर्यंत लोकांनी निवांत जेवावं, म्हणून ठेवलेलं. आक्का तिथे एकोणिसाव्या वर्षी कामाला लागली. पुढे मालक बदलले, पाट्या बदलल्या, आचाऱ्यांच्या टोप्यांचे रंग बदलले. चुलीपुढची आक्का मात्र तीच राहिली. बावीस वर्षांत पाच नावं झाली. एका मालकाने खापर फोडलं पार्किंगवर, दुसऱ्याने नदीपलीकडच्या नव्या मॉलवर, आणि शेवटच्याने तर दार चुकीच्या दिशेला आहे म्हणून भिंत पाडून ते दुसरीकडे नेलं. सगळे जाताना एकच सांगून गेले, जागाच वाईट आहे. आक्का तेव्हा मूग गिळून गप्प बसायची. का, ते पुढे येईलच.

दारात पेंटर शिडीवर उभा होता. पाचही नावं त्याच्याच हातची. जुनी पाटी तो कधी खरवडायचा नाही, वरून रंगवून टाकायचा. त्याने शेवटचा फराटा मारला आणि खाली उतरला.

"उघडं आहे," त्याने मोठ्याने वाचलं. "आक्का, हे काय नाव झालं? आणि रात्री बंद केल्यावर?"

"लोकांना खोटं वाटलं तर दार वाजवतील. मी वर माळ्यावरच झोपणार आहे."

"सहावं नाव रंगवतोय मी या पाटीवर. सातवं रंगवायला बोलावू नकोस."

"सातवं नाव लिहायचं असेल तर आधी मला उचलून बाहेर टाकावं लागेल," आक्का म्हणाली. आणि ती हे गमतीने म्हणत नव्हती. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पाट्यांखाली कांदा चिरल्यावर ही एक जागा तिची झाली होती, आणि हीही गेली तर तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं.

भटारखाना मागच्या अंगाला. खिडकी नाही, भर दुपारीही दिवा लावावा लागतो. दारापासून चुलीपर्यंत भिंतीला एक तार ताणलेली. नवी ऑर्डर आली की चिठ्ठी दाराकडच्या चिमट्याला लागते. एकेक ताट बाहेर गेलं की चिठ्ठ्या एकेक चिमटा पुढे सरकतात. चुलीजवळची चिठ्ठी सगळ्यांत जुनी, तिचं ताट आधी. ताट गिऱ्हाइकापुढे गेलं की ती चिठ्ठी ओट्यावरच्या उभ्या खिळ्यात टोचायची. वाढल्याशिवाय टोचायची नाही, हा या धंद्यातला पहिला धडा. कारण तार रिकामी दिसली की सगळे समजतात, बाहेर कुणी खोळंबलेलं नाही.

आक्काने चोवीस चिमटे लावले, सूप ढवळलं, मीठ चाखलं आणि मागे वळली.

चुलीजवळच्या चिमट्याला एक चिठ्ठी होती.

कागद पिवळा पडलेला. मधोमध भोक, खिळ्यातून उपसून काढल्यासारखं. वर छापलेलं, 'दुसरी घंटा'. खाली एकोणीस वर्षांच्या आक्काचं गोल गोल अक्षर: टेबल सात. कांद्याचं सूप एक. मिरी जास्त.

आक्काच्या हातातला डाव भांड्यावर आपटला. तिला ती चिठ्ठी ओळखायला वेळ लागला नाही. बावीस वर्षं ती तिला तोंडपाठ होती.

समोरच्या नाटकगृहाच्या तिकीटखिडकीत एक वयस्क बाई बसायच्या. कानाने कमी ऐकू यायचं. रोज चारला त्या सूप प्यायला यायच्या, खांबामागच्या सात नंबरवर बसायच्या आणि सूप येईपर्यंत खांबाला डोकं टेकून डुलकी काढायच्या. घशाला बरं म्हणून तोंडात कायम पुदिन्याची गोळी. जाग आली की बंद्या नाण्याने टेबलावर टकटक करायच्या. त्या दिवशी आक्काने त्यांची चिठ्ठी लावली आणि तेवढ्यात, आगीचा परवाना नाही म्हणून सील लावायला माणसं आली. दिवे गेले. मॅनेजर ओरडत सुटला, तार रिकामी करा, निघा, निघा! सूप अजून उकळलंही नव्हतं. आक्काने चिठ्ठी ओढली आणि खिळ्यात टोचली. तिला वाटलं, दिवे गेलेले बघून बाई उठतील आणि आपल्या आपण जातील. सीलवाल्यांनी विचारलं, आत कुणी गिऱ्हाईक आहे का? मॅनेजरने तारेकडे बघितलं आणि म्हणाला, कुणी नाही.

शटर चौथ्या दिवशी उघडलं, चुली बाहेर काढायला. बाई सातवरच सापडल्या. डॉक्टरांनी हृदय बंद पडलं असं लिहिलं. टेबलाच्या कडेला नाण्याने पडलेल्या खाचा होत्या, त्यांच्याबद्दल कुणी काही लिहिलं नाही. चिठ्ठीचं आक्काने कुणालाच सांगितलं नव्हतं.

"आक्का..."

दारात तिचा धाकटा भाऊ उभा होता. वाढायला तोच होता. त्याच्या हातात पुसायचं फडकं होतं आणि तोंडावर रंग नव्हता.

"पुढचं दार बंद आहे ना गं?"

"कडी मी स्वतः घातली. का?"

"सातवर... कुणीतरी खुर्ची ओढली."

दोघं ऐकत उभी राहिली. आधी पुदिन्याचा वास आला, थंड आणि नाकाला झोंबणारा, कांद्याच्या वासाला बाजूला सारत. मग आवाज आला. टक. बराच वेळ काही नाही. टक... टक.

"चल," भाऊ कुजबुजला. "मागच्या दाराने जाऊ. आक्का, राहू दे हे रेस्टॉरंट. आपण दुसरी जागा बघू, तू म्हणशील तिथे..."

 पळून जावं असं आक्कालाही अगदी मनापासून वाटलं. पण मागच्या दाराकडे बघताच तिला आठवलं की ती त्याच दाराने पळाली होती. आणि मग तिला स्वतःचाच इतका राग आला, की भीतीला उभं राहायला जागा उरली नाही.

"एकदा पळाले तेवढं पुरे झालं," ती म्हणाली. "बशी पूस. आणि मिरी कुठे ठेवलीस?"

तिने सूप वाडग्यात ओतलं, वर मिरी भरडून घातली, जास्त. भाऊ पुढे झाला तर त्याला हाताने मागे सारलं. ही ऑर्डर तिने घेतली होती, वाढायची तिनेच.

बाहेर खुर्च्या टेबलांवर पालथ्या ठेवलेल्या होत्या, एक सोडून. खांबामागची ती एक खुर्ची मागे ओढलेली होती. तिच्यात कुणी नव्हतं. पण टेबलावरच्या कडक इस्त्रीच्या कापडाला दोन ठिकाणी खळगे पडले होते, कोपरं टेकावीत तशी. आक्काने वाडगा ठेवला. बशीवर चमचा खडखडला.

"बाई," ती म्हणाली, "तुमचं सूप. उशीर झाला... फार उशीर झाला. चूक माझी होती, मॅनेजरची नव्हती. मला माफ करा असं म्हणायला तोंड नाही." तिने वाडगा खुर्चीकडे सरकवला. "पण एक ऐका. नंतरचे चार जण गाशा गुंडाळून गेले, त्यांनी तुमचं काही केलं नव्हतं. जे काही काढायचं ते माझ्यावर काढा, पण या जागेला धरू नका. मी इथून हलणार नाही. तुम्ही घाबरवा, मी घाबरीन आणि उद्या पुन्हा चूल पेटवीन. तुम्हाला भूक असेल तर रोज चारला या, ही खुर्ची तुमची. पण पाटी खाली येणार नाही!"

ती वळली आणि भटारखान्यात गेली. मागे वळून तिने बघितलं नाही. पाठीमागून वाडग्याच्या तळाला चमचा लागल्याचा बारीक आवाज येत राहिला. भावाने दोन्ही हातांनी ओट्याची कड धरली होती.

आवाज थांबल्यावर ती पुन्हा बाहेर गेली. वाडगा स्वच्छ होता. चमचा त्याच्यावर पालथा ठेवलेला, बाई ठेवायच्या तसा. आक्काने चुलीजवळची चिठ्ठी काढली आणि खिळ्यात टोचली. जुन्या भोकातच ती बरोबर बसली. मग ओट्याला टेकून ती भावाच्या देखत हमसून हमसून रडली, आणि तोही रडला.

सहाला दार उघडलं. हार्डवेअरवाला बायकोला घेऊन आला, पेंटर आला, शेजारच्या बंद सिनेमागृहाचा जुना पडदेवाला आला. साडेसहापर्यंत तेरा माणसं झाली. त्या रस्त्यावर तेरा म्हणजे झुंबडच. चिठ्ठ्या छापून आल्या नव्हत्या, म्हणून भाऊ वहीच्या पानांवर ऑर्डरी लिहून तारेला लावत होता. आत आला आणि पहिली चिठ्ठी हातात धरून तसाच उभा राहिला.

"आक्का, हा चिमटा रिकामा नाही."

दाराकडच्या शेवटच्या चिमट्याला चिठ्ठी होती. पिवळी, मधोमध भोक पडलेली. वर छापलेलं, 'उघडं आहे'.

अक्षर आक्काचंच होतं. मात्र थरथरतं, ओळ सोडून खाली उतरत गेलेलं, म्हातारपणी होतं तसं. टेबल सात. कांद्याचं सूप एक. मिरी जास्त.

आक्काला घाम फुटला. म्हणजे कधीतरी, याच भटारखान्यात, ती पुन्हा एक ऑर्डर घेणार होती आणि वाढल्याशिवाय टोचणार होती. कुणाची? तिने तेव्हाच्या तेव्हा सूप भरलं, सातवर नेऊन ठेवलं. ते तसंच राहिलं. गार झालं, वर साय धरली, कुणी शिवलं नाही. त्या चिठ्ठीचं गिऱ्हाईक अजून यायचं होतं.

ती परत आली आणि चिठ्ठीकडे बघत राहिली. मग एकाएकी हसली.

"हसतेस काय?" भाऊ म्हणाला.

"अक्षर बघ की. हात किती थकलाय. सत्तरीच्या खाली नाही हा हात. म्हणजे तोवर पाटी आहे आपली!" तिने डोळे पुसले. "आणि ती ऑर्डर मी कशी चुकवते तेच बघते. आजपासून शटर ओढायच्या आधी खांबामागे बॅटरी घेऊन मी बघणार. तार रिकामी असो नाहीतर भरलेली."

दुसऱ्या दिवशी सकाळी चिठ्ठी एक चिमटा पुढे सरकलेली होती. भावाने हात लावला नव्हता. आक्काने तरी चिमटे दोनदा मोजले, मग चपला घातल्या आणि हार्डवेअरच्या दुकानात गेली.

"तार हवी," ती म्हणाली. "अख्खं भेंडोळं. आणि चिमटे, असतील तेवढे."

"एवढ्या ऑर्डरी आहेत?"

"नसल्या तर होतील."

आता ती तार दारातून निघते, भटारखान्याला वळसा घालते, माळ्याच्या जिन्याने वर जाते, खाली येते आणि मग चुलीपाशी पोचते. बाकीच्या चिठ्ठ्यांसाठी जुनी तार आहे, ही त्या एकीसाठीच, तिला चुलीपाशी पोचायला वर्षं लागावीत म्हणून. चिमटे अकराशे भरले. समोरच्या नाटकगृहात पुन्हा अधूनमधून पडदा वर जातो, रस्त्यावर आणखी दोन पाट्या लागल्यात, आणि चारला सात नंबरवर एक वाडगा सूप जातं, रिकामं होऊन येतं. आक्का रोज शटर ओढण्याआधी खांबामागे बॅटरीचा झोत टाकते, कुणी नाही ना बघते, आणि सकाळी उठून आधी ती चिठ्ठी शोधते. कधी आठवडाभर हलत नाही, कधी एक चिमटा सरकते. आक्का तिला रोज सांगते, ये सावकाश, मला घाई नाही.

काल रात्री तिने बॅटरी मारली तेव्हा खांबामागे कुणी नव्हतं. सकाळी चिठ्ठी चाळीस चिमटे पुढे होती, आणि सात नंबरच्या टेबलापाशी मागे ओढलेल्या खुर्च्या दोन होत्या.