राखेत नसलेली तार

चार हजार रोपं पाहणीच्या आदल्याच दिवशी जळाली, हे ऐकून तपासनीस बाईंचं डोकं सणकलं. त्या तशाच निघाल्या.

कुंपणाच्या आत नुसती राख होती. फाटकाबाहेर म्हातारा राखणदार हातात बेड्या घालून हवालदाराशेजारी बसला होता. व्यवस्थापक रुमालाने डोळे टिपत होता.

"यानेच सिगारेट टाकली, बाई."

"तुम्ही पाहिलंत?"

"पाहायला कशाला हवं? तीन वर्षांची मेहनत गेली माझी!"

लांबच्या कारखान्यांनी धूर सोडायचा आणि त्याची भरपाई म्हणून इथे झाडं वाढवायची, असा तो करार होता. झाडं खरंच वाढली तर हवेचं भलंच होतं. बाईंनी अशी रानं डोळ्यांनी पाहिली होती, म्हणून तर लबाडी दिसली की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"काका, काल कुठे होता?"

"ओढ्याकाठी, माझ्या पट्ट्यात. इथली किल्ली साहेबांकडेच असते. मला कधी आत घेतलंच नाही." म्हाताऱ्याने बेड्यांचे हात ओढ्याकडे केले. "मला आत टाकलंत तर माझी रोपं मरतील हो. तारा सैल करायच्या राहिल्यात."

हवालदाराला आणि म्हाताऱ्याला घेऊन बाई ओढ्याकाठी गेल्या. तिथे तीनशे रोपं डोलत होती. प्रत्येकाच्या बुंध्याला क्रमांकाची प्लास्टिकची पट्टी होती, लोखंडी तारेच्या फासात अडकवलेली. खोड जाड झालं की फास वाढवावा लागतो, नाहीतर तो रोपाचा गळा आवळतो. फांदीला दोरीने चुंबक टांगलं होतं.

"हे कशाला, काका?"

"तारेचे तुकडे वेचायला. गुरांच्या पोटात जातात."

बाईंनी ते चुंबक घेतलं आणि कुंपणात परत येऊन तासभर राखेतून फिरवलं.

"सोनं शोधताय की काय?" व्यवस्थापक हसला.

"लोखंड. दर रोपाला तार बांधली होती ना?"

"अर्थात! नियमच आहे तो."

"रोप जळतं, पट्टी वितळते. तार कुठे जाते?" त्यांनी चुंबक त्याच्या नाकासमोर धरलं. त्याला काहीही चिकटलेलं नव्हतं. "चार हजार तारांपैकी एकही नाही. हवालदार, याची कोठी उघडा."

कोठीत तारेची वेटोळी होती, कारखान्यातून आली तशी, सीलबंद.

"इथे रोपं कधी नव्हतीच. गवत होतं, तेच पेटवलं. मी आज येणार हे पत्र फक्त तुम्हाला गेलं होतं, आणि फाटकाची किल्लीही तुमच्याच खिशात."

व्यवस्थापकाचा रुमाल खाली पडला. "कागदावर तर होती ना झाडं? कुणाचं काय बिघडलं?"

"कुणाचं?" बाई कडाडल्या. "तुमच्या कागदाच्या भरवशावर तिकडे धूर सोडला गेला, निर्लज्ज माणसा! तो हवेत आहे. तो आता माघारी कसा घेणार? वर या गरीब माणसाच्या गळ्यात गुन्हा अडकवलात!"

हवालदाराने बेड्या म्हाताऱ्याच्या हातातून काढून व्यवस्थापकाला घातल्या. म्हातारा मनगटं चोळत तडक ओढ्याकडे निघाला.

बाईंचा राग अजून उतरला नव्हता. त्या त्याच्या मागोमाग गेल्या. तो पकडीने एका रोपाची तार सैल करू लागला होता.

"काका, आणखी एक पक्कड आहे का?"