ओंजळीतलं पान

"अहो, ते माझं आहे!"

छपाईच्या दुकानात ती आणि तो एकदमच म्हणाले, आणि काउंटरवरच्या एकाच कागदाला दोघांनी हात घातला. कागदावर ओंजळ होती, ओंजळीत पान.

दुकानदाराने गालातल्या गालात हसत दुसरा कागद पुढे सरकवला. तीच ओंजळ, तसंच पान! एक तिच्या आत्याच्या नव्या घरपोच शुश्रूषा सेवेसाठी तिने काढलेला लोगो. दुसरा एका साबण कंपनीचा, केव्हापासून बाजारात असलेला... आणि तो काढणारा हाच!

"मी नक्कल नाही केली. शप्पथ!" ती रडवेली झाली.

"माहितीये. नक्कल करणारा इतक्या प्रेमाने पान काढत नाही." तो तिच्याकडे बघतच राहिला. "दोघांना एकच सुचलं... गंमत आहे, नाही?"

डोंबलाची गंमत! तिचं हे पहिलंवहिलं काम. आत्याने सगळ्यांशी भांडून तिला दिलेलं, आणि पाटी रंगवणारा आजच लोगो मागत होता. तिचे गाल तापले – रागानेच, असं तिने स्वतःला बजावलं.

दुकानातल्या बाकावर बसून तिने नवं काढायला घेतलं. सूर्य.

"हा मीही काढलाय, दुसऱ्या एका कंपनीसाठी," तो शेजारी टेकत म्हणाला.

घर. "हेसुद्धा."

दिवा अर्धा झाला, तोच त्याने उरलेला पुरा केला. अगदी तिच्या मनातला! दर वेळी तिच्या काळजात लक्कन होत होतं आणि दर वेळी काम हातचं जात होतं. हसावं की डोकं आपटून घ्यावं, तिला कळेना.

मग तिला आजोबांचं आजारपण आठवलं. पलंगाची कड, आणि त्या कडेला अगदी चिकटून ओढलेली आत्याची खुर्ची. तिने चार रेघांत तेच काढलं.

तो कागदावर वाकला. म्हणाला, "हे मला जन्मात सुचलं नसतं."

तिने फोटो पाठवला. लगेच आत्याचा फोन. "अगं, ही तर मीच! हेच रंगवायला दे."

काम फत्ते झालं होतं. तरी तिचा पाय दुकानातून निघेना.

"चला... आता आपलं काहीच सारखं नाही," कागद गोळा करत ती म्हणाली.

"बरं झालं."

"बरं?"

"माझ्यासारखं डोकं माझ्या घरात एक आहेच की, माझं! मला जे सुचत नाही, ते सुचणारी..." तो अडखळला. कान लालबुंद.

"ही मागणी आहे की साबणाची जाहिरात?"

"मलाच कळत नाहीये."

"मलाही नाही," ती म्हणाली. आणि हातातले कागद खाली ठेवून पुन्हा त्याच्या शेजारी बसली.