मारुआताच्या पुढचा दिवा

उद्या तुम्ही मंडळी दक्षिणेला निघणार, किनाऱ्याच्या रस्त्याने, म्हणून ही हकिकत आजच सांगून टाकतो. अडवत नाही. खुशाल जा. फक्त मारुआताच्या पुढे रात्र होऊ देऊ नका. का, ते ऐका. पदरचं काही घालत नाही. ज्याच्यावर गुदरलं त्याच्याच तोंडून ऐकलंय.

एलादियो बारागान. आपल्या तेकोमानचाच, माझ्या गल्लीच्या टोकाला राहतो. हे घडलं तेव्हा बावन्न वर्षांचा होता. लिंबांच्या वखारीत पेट्यांवर शिक्के मारायचं काम. माणूस सालस, पण अबोल. तो सहा वर्षांचा असताना बाप कामासाठी उत्तरेला, सरहद्दीपलीकडे गेला तो गेलाच. आईनं एकटीनं वाढवला. लग्न दोनदा ठरता ठरता राहिलं. पुढे आईही गेली, आणि घरात उरले एलादियो आणि त्याचा रेडिओ. ऐकायला नव्हे हो. घरात कुणीतरी बोलतंय असं वाटावं म्हणून लावायचा. झोपतानासुद्धा चालूच.

शाळेपासूनचे दोस्त दोन. एक नाबोर, इंजिनं दुरुस्त करणारा, आडदांड, मोठ्यानं हसणारा. एलादियो त्याच्या थोरल्या मुलीचा धर्मपिता, म्हणून नाबोर त्याला ‘कोंपाद्रे’ म्हणायचा. दुसरा चेमा, न्हावी. त्याच्या वस्तऱ्यापेक्षा जीभ धारदार.

तर नाबोरनं चुलतभावाच्या होडीचं इंजिन दुरुस्त केलं होतं, आणि ते कालेता दे काम्पोसला पोचवायचं होतं. नाबोर म्हणाला, तिघंही जाऊ, वाटेत मासे खाऊ, सकाळी समुद्रात डुंबू, संध्याकाळी परत. एलादियो नको नको करत होता. चेमानं विचारलं, रेडिओची परवानगी लागते का? तेव्हा कुठे तो हसला आणि चटईत गुंडाळून एक सदरा घेऊन आला.

तारीख पक्की सांगतो. दोन मार्च, दोन हजार बावीस. राखेचा बुधवार. वर अमावास्या. सकाळी तिघांनीही देवळात जाऊन कपाळावर राखेचा क्रूस काढून घेतला होता. निघायला मात्र संध्याकाळ झाली, कारण इंजिनाचा एक पेच ऐन वेळी रुसला. ला प्लासिताला थांबून तळलेला मासा आणि भात खाल्ला. तिथे नाबोरच्या पिकअपमध्ये पेट्रोल भरून घ्यायला हवं होतं. नाबोर म्हणाला, भरपूर आहे, काटा बघ.

काटा बघून चालले. मारुआता मागे पडलं. पुढे तो रस्ता कसा आहे ते दिवसा बघालच. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खोल खाली समुद्र, वळणामागून वळण, मैलोन्‌मैल माणूस नाही. एका चढावर गाडीनं आचका दिला. पुन्हा दिला. आणि बंद.

अकरा वाजून वीस मिनिटं.

चेमा म्हणाला, “इंजिनांचा डॉक्टर. आणि स्वतःच्या गाडीचा काटा मेलेला.”

नाबोर शिव्या देत उतरला. फोनला रेंज नव्हती. आता उजाडेपर्यंत बसून राहायचं असं ठरलं. नाबोर आणि चेमा मागच्या फळीवर पाय सोडून बसले आणि गप्पा सुरू झाल्या. नाबोरचा नातू कसा रांगायला लागला, चेमाची सून त्याला कशी गोड खाऊ देत नाही, असलंच सगळं. एलादियो ऐकत उभा होता. दोघांनी त्याला मुद्दाम वगळलं नव्हतं. पण त्या बोलण्यात त्याला घालायला स्वतःचं काही नव्हतं. मला तो म्हणाला, “लोकांच्या घरातलं ऐकताना मी हसायचो, आणि हसता हसता दमायचो.”

तेवढ्यात चेमानंच बोट दाखवलं. खाली, समुद्राच्या बाजूला, नारळीच्या बनात एक दिवा दिसत होता. पिवळा. न हलणारा. दहाएक मिनिटांच्या चालीवर असेल. घर असेल तर पेट्रोलही मिळेल. त्या भागात लोक कॅनमधून विकतातच. नाबोरचा गुडघा दुखरा, चेमाला अंधाराचं वावडं. एलादियो म्हणाला, मी जातो. दोघं नको म्हणेपर्यंत त्यानं रिकामा कॅन उचलला होता. त्याला तिथून निघायचंच होतं.

पायवाट सापडली. फोनच्या उजेडात तो उतरत गेला. खाली लाटा आपटत होत्या, वर नाबोरचं हसणं ऐकू येत होतं. मग हसणं ऐकू येईनासं झालं. वाटेत वाळलेल्या झावळ्या पसरलेल्या, पाय पडला की करकर वाजायच्या. कुठे कुत्रं भुंकलं नाही. हे त्याच्या नंतर लक्षात आलं. किनाऱ्यावर कुत्र्याशिवाय घर नसतं.

बनातून बाहेर आला तर समोर अंगण. झाडून स्वच्छ. कौलारू बुटकं घर, दारावर टांगलेला कंदील, आणि दाराशी दोन खुर्च्या. एकीवर एक म्हातारा बसलेला, डोक्यावर जुनी टोपी, रस्त्याकडे तोंड करून. दुसरी रिकामी.

एलादियोनं लांबूनच हात उंचावला, गाडी बंद पडल्याचं सांगायला तोंड उघडलं. म्हातारा उठला नाही. दचकला नाही.

“आलास,” तो म्हणाला. “उशीर केलास, इसाउरो.”

एलादियोला वाटलं, नजर अधू असेल. जवळ गेला, उजेडात उभा राहिला, म्हणजे ओळख पटेल. म्हाताऱ्यानं त्याच्याकडे नीट पाहिलं. खूप वेळ पाहिलं. आणि रिकाम्या खुर्चीवर हात थोपटला.

एलादियो बसला.

का बसलास, असं मी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, मी घरी येतोय म्हणून कुणी वाट बघत बसलेलं मी आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

म्हातारा बोलत होता. आवाज बारीक, एकसुरी. तुझी खाट तशीच ठेवलीय म्हणाला. शेजारच्यांनी बकऱ्या विकल्या म्हणाला. तू गेलास त्या वर्षी लावलेलं आंब्याचं झाड वादळात पडलं म्हणाला. मधेच त्यानं कॉफीचा कप पुढे केला. कपातून वाफ निघत होती. एलादियोनं तो हातात घेतला... कप गार होता. विहिरीतून काढल्यासारखा गार.

त्यानं कप खाली ठेवला. आणि तेव्हा त्याला दुसरी गोष्ट जाणवली.

समुद्र ऐकू येत नव्हता.

वरून येताना लाटा कानात बसत होत्या. इथे तर दगड फेकला तर पाण्यात पडेल इतका किनारा जवळ. आणि आवाज... नाही. वारा नाही. नारळीचं पान हलत नाही. फक्त म्हाताऱ्याचा आवाज. तोही थांबला की... काहीच नाही.

एलादियो म्हणाला, मला पेट्रोल हवं होतं, माझे मित्र वर थांबलेत. म्हाताऱ्यानं दाराकडे हात केला. दाराआड कॅन होता, काठोकाठ भरलेला. एलादियोनं त्यातून आपल्या कॅनमध्ये ओतून घेतलं. एक थेंब सांडला नाही. पैसे देऊ केले, म्हाताऱ्यानं मान हलवली. मग तो पहिल्यांदाच उठला. जवळ आला. अंगठा वर केला आणि एलादियोच्या कपाळावरची राख पुसली. हळूच. जेवून उठलेल्या लेकराचं तोंड पुसावं तशी.

“लहानपणीही तुला ती खाजायची,” तो म्हणाला.

अंगठा गार नव्हता. गरमही नव्हता. नुसता... लागला.

एलादियोला आता पळायचं होतं. पण म्हातारा त्याच्यासमोर उभा होता. उंचीनं खांद्याइतका. डोळे वर करून बघत होता.

“मागल्या खेपेला म्हणालास, पुढच्या वेळी घेऊन जातो. या खेपेला नेशील ना?”

मी तुमचा मुलगा नाही. एवढे चार शब्द. एलादियोच्या जिभेवर होते. शप्पथ घेऊन सांगतो म्हणाला, जिभेवर होते. पण त्याला एकदम आठवलं, सहा वर्षांचा असताना तोही असाच उंबऱ्यात बसायचा. दुपारची बस गेली की संध्याकाळच्या बसची वाट बघत. आई आत ओढून न्यायची. बस थांबायची, माणसं उतरायची... आणि त्यातलं कुणीही त्याच्याकडे वळायचं नाही.

“नेईन,” तो म्हणाला. “चला.”

कंदील विझला.

कुणी फुंकला नाही. वारा नव्हता. विझला... आणि त्याच क्षणी समुद्र पुन्हा गर्जायला लागला.

एलादियोनं कॅन उचलला आणि वाट धरली. पळाला नाही. पळालो असतो तर मागे वळून बघावं लागलं असतं, असं म्हणाला. चढावर झावळ्या वाजत होत्या. त्याच्या पायाखाली... आणि मागे. तो थांबला की मागचं थांबायचं. दमल्यासारखं. म्हणून मग तो हळू चालायला लागला.

वर आला तर नाबोर आणि चेमा रस्त्यावर वेड्यासारखे त्याला हाका मारत फिरत होते. चार वाजायला दहा मिनिटं कमी होती. एलादियोच्या हिशेबी तो अर्धा तास गेला होता. दोघं दोनदा पायवाटेनं अर्ध्यापर्यंत उतरून आले होते, चेमासुद्धा, अंधारातून. त्यांनी त्याला तोंडाला येईल ते बोलून घेतलं. त्यानं कॅन नाबोरच्या हातात दिला. नाबोरनं पेट्रोल हुंगून बघितलं, टाकीत ओतलं, आणि गाडी एका किल्लीत चालू झाली.

एलादियो मागच्या बाकावर बसला. दाराला अगदी चिकटून.

“मधे सरक की, कोंपाद्रे,” नाबोर म्हणाला. “दारातून पडशील.”

“नको,” एलादियो म्हणाला. “असू दे.”

उजाडताना कालेता आलं.

इंजिन पोचतं केलं. दुपारी परतताना नाबोरनं त्याच चढावर गाडी थांबवली. रात्री एलादियोनं नीट काही सांगितलं नव्हतं, पण एक गोष्ट नाबोरनं उजेडात पाहिली होती. त्याच्या आणि चेमाच्या कपाळावर राखेचे डाग अजून होते, आणि एलादियोचं कपाळ लख्ख होतं. तिघंही खाली उतरले.

घर होतं. म्हणजे भिंती होत्या. छप्पर कधीच आत कोसळलेलं, त्यातून एक रानपपई वर आलेली. अंगणात कमरेएवढं गवत. दाराशी दोन खुर्च्या, एकीचे पाय कुजून ती कलंडलेली.

बनात एक बाई शहाळी काढायला आली होती. तिनंच सांगितलं. घर म्हाताऱ्या प्लासिदोचं. मुलगा इसाउरो, उत्तरेला गेला. दोनदा येऊन गेला, तिसऱ्यांदा आला नाही. कुठे मेला, जगला, कळलं नाही. म्हातारा रोज संध्याकाळी कंदील लावून बसायचा. तसाच बसलेला एका सकाळी सापडला. त्याला अकरा वर्षं झाली. दिव्याबद्दल विचारलं तर तिला काही नवल वाटलं नाही. दिसतो म्हणाली, आम्हा सगळ्यांना दिसतो. आम्ही कुणी त्या वाटेनं जात नाही, आणि तो कुणाला काही करत नाही.

मग ती शहाळं सोलता सोलता थांबली.

“मी चारला उठते, दळायला,” ती म्हणाली. “रोज असतो. आज नव्हता.”

चेमानं छातीवर क्रूसाची खूण केली. नाबोरनं एलादियोकडे पाहिलं. एलादियो त्या कलंडलेल्या खुर्चीकडे बघत होता. त्यानं ती उचलून सरळ उभी केली, भिंतीला टेकवली, आणि म्हणाला, निघू या.

त्या रात्रीनंतर तो दिवा कुणाला दिसलेला नाही. मी ट्रकवाल्यांना विचारतो, बसवाल्यांना विचारतो. नाही दिसत. तरी तिथे रात्र नकोच.

एलादियो आहे. धडधाकट आहे, वखारीत जातो, शिक्के मारतो. बदल म्हणाल तर एवढाच, की रविवारी संध्याकाळी आम्ही पत्ते खेळायला बसायचो, तिथे तो सगळ्यांत शेवटी उठायचा. आता दिवेलागणीला उठतो. एकदा चेमानं हात धरला, बस की गड्या, घरी कोण आहे तुझं?

एलादियोनं हात सोडवून घेतला. म्हणाला, “वाट बघतात.”

चेमा हसला नाही. आम्ही कुणीच हसलो नाही.

मी रंगारी, म्हणून मागच्या नाताळाच्या आधी त्यानं मला बोलावलं, पुढची खोली रंगवून दे म्हणून. चार दिवस मी तिथे होतो. भिंती घासल्या, भेगा बुजवल्या, पांढऱ्याचे दोन हात दिले. दाराशेजारची भिंत तर शेवटी केली. आरशासारखी गुळगुळीत, कोरी करकरीत. माझ्या हातचं काम आहे, मला माहीत आहे. शनिवारी संध्याकाळी संपवलं. सोमवारी सकाळी ब्रश विसरला म्हणून परत गेलो.

एलादियो आत कॉफी करत होता. मी दारात उभा.

त्या भिंतीत एक खिळा होता. जुना, गंजलेला. एलादियोनं ठोकला म्हणाल तर तो माझ्यापेक्षा उंच आहे. खिळा माझ्या हनुवटीला येत होता. बुटक्या माणसाचा हात सहज पोचेल इतका खाली. रंग त्याच्याभोवती कुठेही फुटलेला नव्हता.

आणि खिळ्याखाली, माझ्या दोन दिवसांच्या पांढऱ्या रंगावर, एक गोल डाग होता. मळकट, तेलकट. एखाद्यानं रोज संध्याकाळी घरी येऊन तिथेच टोपी अडकवावी... वर्षानुवर्षं... तसा.