नाव नसलेला पाहुणा

"प्रेमसिंगबाबांचा आवाज मी कोंडून ठेवला म्हणतात," ममता म्हणाली आणि पाण्याचा ग्लास न पिताच खाली ठेवला.

आर्णीत बियाण्यांच्या दुकानावर उज्ज्वला राठोडचं छोटंसं ऑफिस आहे. दारावर 'शोध' एवढंच लिहिलेलं. कापसाचे दिवस होते. खालून जाणाऱ्या गाड्यांमधला कापूस तरंगत तरंगत खिडकीतून आत यायचा आणि टेबलावर, पंख्यावर, कपिलच्या केसांवर अलगद उतरायचा. कपिल म्हणजे उज्ज्वलाचा मदतनीस. मोटारसायकल झकास चालवतो. डोकं मात्र सेकंड गिअरच्या पुढे जात नाही.

"आवाज कसा कोंडते कोणी?" त्यानं विचारलं.

ममतानं सांगितलं. बंजारा तांड्याची अभ्यासिका तीच सांभाळते. तिथं एक काळी पेटी आहे, फाइल सर्व्हर. तांड्यातल्या जुन्या माणसांची गाणी रेकॉर्ड करून तिनं त्या पेटीतल्या एका फोल्डरमध्ये ठेवली होती. फोल्डर सगळ्यांना खुला. तिथल्या कुठल्याही कॉम्प्युटरवर बसा, नाव नको, पासवर्ड नको, पाहुणा म्हणून आत शिरा आणि ऐका. प्रेमसिंगबाबा मागच्या वर्षी गेले. तेव्हापासून त्यांची बायको, हंसाबाई, दर बाजाराच्या दिवशी येऊन त्यांचं गाणं ऐकायची.

"आणि आता?"

"सोमवारपासून फोल्डर उघडतच नाही. नव्या पाचही कॉम्प्युटरवर नाही. फक्त कोपऱ्यातल्या जुन्यावर उघडतो." ममतानं ग्लास बाजूला सरकवला. "अन् त्या जुन्यावर मी बसते."

कपिलनं शीळ घातली. उज्ज्वलानं त्याच्याकडे पाहिलं, तशी ती अर्ध्यातच विरली.

"संध्याकाळी बैठक आहे. पेटी माझ्याकडून काढून घेणार. घेऊ द्या. पण हंसायाडी माझ्याशी बोलत नाही, ताई."

"याडी म्हणजे?" कपिल म्हणाला.

"आई," ममता म्हणाली. "सख्खी नाही. पण लहानपणी तिच्याच ताटात जेवली मी."

दुपारच्या उन्हात अभ्यासिका पेंगत होती. निळ्या आवरणाखाली नवे कॉम्प्युटर झोपले होते. कोपऱ्यातला जुना तेवढा एकटाच गुणगुणत होता, जणू झोपेत काही आठवतंय त्याला. फळीवरच्या काळ्या पेटीचा हिरवा दिवा काजव्यासारखा मिणमिणत होता.

अभ्यासिका चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष इंद्रजीत पवार दारातच भेटले.

"वायफाय आहे का जी?" कपिलनं पहिलं हेच विचारलं.

"आहे म्हणजे? फायबर आणलं मी तांड्यात," इंद्रजीत खूश झाले. पासवर्ड मिळाला तसा कपिल इअरफोन लावून पायरीवर जाऊन बसला.

"हे पाचही वर्षभर उपाशी होते," इंद्रजीत सांगू लागले. "रविवारी दिवसभर बसून सगळे अपडेट केले मी. पोटभर खाऊ घातलं."

"आणि तो जुना?" उज्ज्वलानं विचारलं.

"त्याले काय खाऊ घालता? नवीन काही पचत नाही त्याले."

"ममतावर संशय काहून?"

"मागच्या बैठकीत हीच म्हणे, बिननावाच्या माणसाले फोल्डर उघडा ठेवनं बरं नाही. मी ऐकलं नाही. अन् लगेच कुलूप लागलं. सगळ्याईले बंद, हिले चालू. आता तुमीच सांगा."

"पेटीत पाहुणा चालूच आहे," ममता हळूच म्हणाली. "मी पुन्हा पुन्हा पाहिलं."

"चोर म्हणते, कुलूप मी पाहिलं, चांगलं आहे."

उज्ज्वलानं एक नवा कॉम्प्युटर उघडला. फोल्डरवर टिचकी मारताच इंग्रजीत पाटी आली. ओळख न सांगणाऱ्या पाहुण्याला तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणानुसार मनाई आहे, असं काहीतरी. पाचही ठिकाणी तीच पाटी, शब्दन् शब्द.

"पाहा. संस्थेचं धोरण म्हणते," इंद्रजीत म्हणाले. "संस्थेनं कधी ठरवलं? पेटी हिच्याच हातात."

"हे धोरण पेटीचं आहे की कॉम्प्युटरचं?" उज्ज्वलानं विचारलं. उत्तराची वाट न पाहता ती बाहेर आली.

ओट्यावर हंसाबाई बसली होती. तिच्या ओढणीवरचे आरसे भिंतीवर कवडसे नाचवत होते. उज्ज्वला जवळ बसायला गेली.

"थांब. कोण तू? कोण्या तांड्याची? कोणाची?"

उज्ज्वलानं नाव, गाव, बापाचं नाव सांगितलं. मग हंसाबाईनं स्वतः पाण्याचा तांब्या पुढे केला.

"तो पोरगा नाव न सांगता बसला पायरीवर," ती कपिलकडे हनुवटी करून म्हणाली. "आमचा म्हातारा असता तर उठवला असता."

"जुन्या कॉम्प्युटरवर गाणं लागते की. काहून नाही ऐकत?"

"माझ्या मानसाचा आवाज ऐकाले मी तिची परवानगी मागू? मले त्या पोरीचं तोंड पाहू नाही वाटत." पण पाहत ती दाराकडेच होती. दारात ममता उभी होती.

तेवढ्यात पायरीवरून कपिल स्वतःशीच हसला. "म्हातारा लय कडक आहे. गाण्याच्या आधी नाव विचारते."

उज्ज्वला तांब्या हातात धरून तशीच थांबली. एक कापसाचा पुंजका तिच्यासमोरून तरंगत गेला. तो उंबऱ्याशी घुटमळला आणि मग आत गेला.

"चला," ती म्हणाली. "बैठक आत्ताच घेऊ."

सगळे आत जमले. उज्ज्वलानं पहिल्यांदा कपिलचा इअरफोन काढला. फोनमधून ढोलकीचा ठेका ऐकू आला. हंसाबाईचा हात छातीवर गेला.

"हे कुठून ऐकून राह्यला तू?"

"इथूनच. वायफाय लावलं तर ही पेटी दिसली. फोल्डर उघडला."

"नाव विचारलं? पासवर्ड?"

"नाही जी. काही चुकलं काय माझं?"

"पहिल्यांदाच बरोबर केलंस." उज्ज्वला इंद्रजीतकडे वळली. "आज पहिल्यांदा आलेला माणूस पाहुणा म्हणून आत गेला. जुना कॉम्प्युटरही जातो. म्हणजे पेटीचं दार सताड उघडं आहे. ममतानं कुलूप लावलंच नाही."

"मग हे पाच काहून अडले?"

"दारानं अडवलं नाही त्यांना. तेच आत पाऊल टाकत नाहीत. ती पाटी पेटीची नाही, त्यांची स्वतःची आहे. रविवारी अपडेट झाले आणि नवी शिस्त शिकले. जे घर पाहुण्याचं नाव विचारत नाही, ते कुणाचं असेल काय सांगावं? तिथं जायचं नाही. जुन्यानं अपडेट खाल्लं नाही, म्हणून तो जुन्या सवयीनं शिरतो."

"म्हणजे," इंद्रजीत सावकाश म्हणाले, "हे मी केलं."

"चांगलंच केलं. फक्त पेटीला नाव विचारायला सांगायचं राहिलं."

"त्यांची शिस्त मोडता येते ना?"

"येते. पण ममता मागच्या बैठकीत काय म्हणाली होती?"

इंद्रजीतनी मान खाली घातली. फळीवरची अभ्यासिकेची किल्ली काढून त्यांनी ममताच्या हातात दिली. "बाई, ठेव तूच."

ममता पेटीच्या सेटिंगमध्ये गेली. पाहुण्याची वाट बंद केली, नावाची वाट उघडली. कर्सर रिकाम्या चौकटीत लुकलुकत राहिला.

"पहिलं नाव कोणाचं टाकू?" तिनं विचारलं. विचारताना वळून पाहिलं नाही.

"माझं टाक," मागून हंसाबाई म्हणाली.

नव्या कॉम्प्युटरनं नाव विचारलं. ममतानं टाइप केलं, हंसाबाई. पासवर्ड म्हातारीनं तिच्या कानात सांगितला. फोल्डर उघडला.

खोलीत प्रेमसिंगबाबांचा जाडाभरडा आवाज आला. "तारो नाम कांई छ?" आणि मग ममताचा, थोडासा घाबरलेला, "मारो नाम ममता, बाबा."

"बस, बेटी," बाबा म्हणाले, आणि गाणं सुरू झालं.

हंसाबाईनं बाकावर सरकून जागा केली.