मोकळ्या घटकेतला तिळगूळ

"ओढ मरत नाही, घोडके. आम्ही बारा वर्षं डोकं आपटलं, पण नाही मरत. तिचा पाट तेवढा बदलता येतो."

डॉ. यशोधरा लोंढे यांनी पडद्यावरचं मेंदूचं चित्र बोटानं फिरवलं. व्यसनं सोडवणाऱ्या नाशिकच्या ओढ-चिकित्सा केंद्राची ही प्रयोगशाळा. समोर बसलेला शर्विल घोडके हा कालव्यांचं नियोजन करणारा अभियंता. पाटाची भाषा त्याला लगेच उमगली.

"म्हणजे पाणी तेवढंच राहणार, फक्त शेत बदलणार."

"अगदी तसंच. आधी तुम्हाला तुमचा खेळ दाखवायचा. ओढ जागी झाली की शिथिलक लहरी सोडायच्या. मग नव्वद मिनिटं ती ओढ कशालाच बांधलेली नसते. तिला आम्ही मोकळी घटका म्हणतो. त्या वेळात ज्या गोष्टीतून तुम्हाला सगळ्यात जास्त सुख मिळेल, तिला ती जाऊन चिकटते. अन् कायमची चिकटते. एका मेंदूवर हा उपचार एकदाच करता येतो, दुसऱ्यांदा त्या लहरींचा परिणामच होत नाही. तेव्हा काय निवडायचं ते विचार करून सांगा. मागे एका बाईंनी विणकाम निवडलं. आता त्यांची अख्खी सोसायटी भर मे महिन्यात स्वेटर घालून फिरते."

शर्विलला हसू आलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली. आपल्याला हसायचा काय अधिकार?

अधिकार नव्हताच म्हणा. 'तरंगदुर्ग' नावाचा खेळ त्याच्या मानगुटीवर बसला त्याला तीन वर्षं झाली होती. बायको ऋतुजा नोकरीसाठी सोमवार ते शुक्रवार पुण्यात. घरी हा आणि आठ वर्षांची किमया. दिवाळीनंतरच्या आठवड्यात किमयाचा डावा कान ठणकू लागला. ऋतुजानं फोनवर बजावलं, आजच्या आज डॉक्टरकडे ने. "हो, निघतोच," म्हणून यानं फोन ठेवला आणि किल्ल्याचा वेढा पुन्हा सुरू केला. पोर कानावर हात धरून यायची, "बाबा, दुखतंय." हा मान न वळवता म्हणायचा, "पाच मिनिटं, राणी." ती पाच मिनिटं तीन दिवस चालली. पू आतल्या कानात उतरला आणि डावा कान कायमचा गेला. आता डावीकडचा आवाज उजव्या कानात पोचवणारं एक इवलंसं यंत्र ती लावते. आणि इतकं होऊनही, तिची शस्त्रक्रिया चालू असताना हा बाप बाहेरच्या बाकावर बसून खेळत होता! लोक त्याला आजारी म्हणायचे. त्याला वाटायचं, आजारी कसला, मी गुन्हेगार आहे, आणि मला शिक्षाच होत नाहीये.

त्यानं सुतारकाम निवडलं. उपचाराची मोकळी तारीख मिळाली ती चौदा जानेवारी.

लहरी देऊन झाल्यावर डोक्याला सुख मोजणारा मापक लावून त्याला एका खोलीत नेलं. तिथं सागवानाची फळी आणि रंधा मांडून ठेवला होता. दारावर सक्त सूचना होती, आत कोणी जायचं नाही. दाराशी राखणीला होत्या सुगंधामावशी. नियम त्यांना तोंडपाठ होता. पण संक्रांतीच्या दिवशी आईबरोबर तिळगुळाचा डबा घेऊन आलेल्या पोरीला दारातून परत पाठवायचं? असलं पाप मावशींच्या हातून होणं शक्य नव्हतं. नियम करणाऱ्यांनी हा दिवस धरलाच नव्हता.

"पटकन दे नि ये गं," मावशी म्हणाल्या.

अडीच महिने बापाशी अबोला धरलेली किमया आत गेली. तिनं त्याच्या तळहातावर लाडू ठेवला.

"तिळगूळ घे, गोड बोल. बाबा, मी आता तुझ्यावर रागावलेली नाहीये."

शर्विलच्या हातातला रंधा गळून पडला. तो लहान मुलासारखा हमसाहमशी रडला. इतकं हलकं त्याला जन्मात वाटलं नव्हतं.

खेळ सुटला. महिनाभरानं त्यानं 'तरंगदुर्ग' उघडून पाहिला, तर शिळ्या उपम्याकडे बघावं तसं वाटलं. ऋतुजानं देवापुढे साखर ठेवली. गंमत म्हणजे रंध्यालाही तो हात लावेना, पण त्याकडे कोणी फारसं लक्ष दिलं नाही.

मग एकदा शाळेतून न्यायला वीस मिनिटं उशीर झाला. "चुकलो गं राणी." "असू दे, बाबा." आणि डोक्यापासून पायापर्यंत काहीतरी गोड उतरत गेलं. ही गोडी त्याच्या ओळखीची होती. किल्ला सर झाला की अशीच उतरायची.

पुढच्या आठवड्यात तिचा डबा घरी राहिला. मग तिच्या चित्रावर पाणी सांडलं. दर वेळी तो स्वतःला शंभर शिव्या घाले, पुन्हा असं करणार नाही म्हणून शपथ घेई. पण जीभ "चुकलो" म्हणत असताना कान "असू दे"ची वाट बघत असत. हळूहळू तेवढ्यानंही भागेना. मोठी माफी हवी, तर चूकही तशीच मोठी हवी.

शाळेतल्या नाटकाच्या सकाळी त्यानं तिचं यंत्र पिशवीतून काढलं आणि तांदळाच्या डब्यात लपवलं. किमया रंगमंचावर उभी राहिली. बाई डावीकडून वाक्य सांगत राहिल्या, तिला काही ऐकूच आलं नाही, आणि सगळी मुलं हसली. घरी येऊन ती उशीत तोंड खुपसून रडली. त्यानं कबूल केलं, "मीच लपवलं होतं." मग उठून तिनं त्याच्या गळ्यात हात टाकले. त्या गोडीनं शर्विल मटकन खालीच बसला. उठला तो थेट केंद्रात गेला.

डॉक्टरांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा उतरला.

"ती ओढ रंध्याला चिकटलीच नाही. त्या घटकेतलं सगळ्यात मोठं सुख होतं तुमच्या लेकीची माफी. आणि माफी मिळवायची तर आधी..."

"आधी गुन्हा करावा लागतो," शर्विल म्हणाला.

"मापकावरची रेघ मी त्याच दिवशी पाहिली होती. तुम्हाला सांगायला जीभ रेटली नाही. वाटलं, पोरीनं बापाला माफ केलं, त्यात कसलं आलंय नुकसान? चुकलंच माझं."

"मी घर सोडून जातो, डॉक्टर. कुठंही जातो. पण तिच्या वाटेत येत नाही."

"आणि परत आल्यावर? पोरीला टाकून गेल्याची माफी केवढी मोठी असेल, करा विचार. पुढचे सगळे दिवस तुम्ही त्या माफीचीच वाट बघाल."

शर्विलनं कपाळाला हात लावला. "मग उपाय काय?"

"पाण्याचं तोंडच बंद करायचं. ओढ मरणार नाही, पण वर्षभर माफी मिळालीच नाही तर वाळून निपचित पडते. तिला सांगा, काही झालं तरी बाबाला माफ करायचं नाही. वरवर नव्हे, अगदी मनातूनसुद्धा नाही."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी ऋतुजासमोरच त्यानं किमयाला तिच्या खोलीत शेजारी बसवलं आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. ऋतुजा तोंडाला पदर लावून ऐकत होती. नुकतंच नववं वर्ष पूर्ण झालेल्या पोरीला राग धरायला शिकवायचं म्हणजे काय! त्याचा त्यालाच उबग आला.

किमयानं नीट ऐकून घेतलं. "म्हणजे मी माफ केलं की तू पुन्हा तसंच करणार?"

"हो."

"आणि नाही केलं तर बरा होशील?"

"हो, राणी."

ती बराच वेळ बोटांशी खेळत राहिली. मग तिनं डोळे पुसले आणि त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"मग मी तुला कधीच माफ करणार नाही, बाबा. मोठी झाले तरी नाही. मला खूप वाईट वाटलं ना, तरी नाही. पण तू बरा हो."

हेच शब्द मागायला तो बसला होता. आणि ते ऐकताक्षणी त्याच्या डोक्यापासून गोडी उतरू लागली. संक्रांतीच्या दिवशी उतरली होती तिच्या दसपट. कारण इतकं मनापासून त्याला आजवर कुणीच माफ केलं नव्हतं.

"नको, किमू, नको गं," म्हणत त्यानं तिला छातीशी घट्ट धरलं. आणि रडता रडताच त्याची नजर तिच्या खोलीभर फिरू लागली, तिला सगळ्यात प्रिय काय आहे ते शोधत.